आधी बेअरिंग, मग कोन

राउटर म्हणजे लाकडाच्या कडा कोरणारं विजेचं यंत्र, आणि कडेची धार तिरकी छाटणारं त्याचं पातं म्हणजे चॅम्फर बिट. तो मागितला की दुकानदार पहिलं विचारतो, “शँक कितीची?”, म्हणजे मशीनमध्ये जाणारी दांडी किती जाडीची? प्रश्न योग्यच आहे, पण तो मशीनपुरता. लाकडाच्या बाजूचा प्रश्न कुणी विचारत नाही: ज्या कडेवर हा बिट चालवणार, तिच्यावर बिटाच्या टोकाच्या बेअरिंगला, म्हणजे कडेला टेकून काप किती आत जाईल हे ठरवणाऱ्या फिरत्या कडीला, टेकायला जागा किती उरणार? यंदा गणपतीसाठी सागवानी चौरंग आणि चार अष्टकोनी खांबांचं मखर करायला घेतलं, तेव्हा माझे सगळे निर्णय याच प्रश्नावर अडले आणि यावरच सुटले. कोन, व्यास, शँक ही मंडळी मागून आली.

माझी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. तिथे ड्रॉइंगवर ‘१ × ४५°’ असं लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ एवढाच की कडेची धार मोडा, हात कापू नये आणि शाफ्ट भोकात सरळ शिरावा. लोखंडात चॅम्फरकडे कुणी बघत नाही. लाकडात मात्र तो बघण्यासाठीच असतो. गोल केलेली कड मऊ दिसते, चॅम्फरची कड रेखीव दिसते, कारण त्या तिरक्या पट्टीवर उजेड वेगळा पडतो. शिवाय टोकदार कोपऱ्यावर पॉलिश टिकत नाही. तिथला थर पातळ बसतो आणि पहिला तिथूनच उडतो. निवृत्तीनंतर लाकडाकडे वळलो तेव्हा जुन्या सवयीतली एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे बिट हातात घेण्याआधी कागदावर छेद, म्हणजे आडव्या कापाचं चित्र, काढणं.

लाकूड जुनं मिळालं. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत, त्यांच्या दारांच्या चौकटी विकायला येतात. असं सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे ठाण्याच्या पावसातही फारसं वाकत नाही. पण त्यात खिळे असतात. डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही आणि बिटाच्या कठीण पण ठिसूळ कार्बाइडच्या टोकाला तो एकदा लागला की टवका उडालाच. म्हणून आधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवला, संशय आला तिथे पटाशीने उकरून पाहिलं आणि मगच रंधा मारला. दुसरी गोष्ट, सागात सिलिका असते. साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार ती भराभर खाते. प्लायच्या डिंकाचंही तेच. तेव्हा कार्बाइडची टोकं बसवलेलाच बिट घ्यायचा, हे दुकानात जायच्या आधीच ठरलं होतं.

आमचे मेस्त्री मूळचे कुडाळचे, बाळकुमला त्यांचा गाळा आहे. त्यांना कागदावरचे छेद दाखवले तर म्हणाले, “काका, चौरंगाच्या कडेला बिट कशाला हवा? रंधा तिरका धरा, चार हात मारा. झाला चॅम्फर.”

“आणि खांबांचं काय?”

“खांबांचं… चार खांबांना सोळा कडा. सगळ्या सारख्या हव्यात ना? मग मशीनच लावा.”

त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे आणि इथेही सांगतो: सरळ, मोकळी, हातभर लांबीची एखादीच कड असेल तर चांगला रंधा बिटापेक्षा स्वस्त, शांत आणि कमी धुळीचा. बिट घ्यायचा तो पुष्कळ कडा एकसारख्या हव्या असतील तेव्हा, कड वळणदार असेल तेव्हा किंवा चॅम्फर मध्येच सुरू होऊन मध्येच थांबवायचा असेल तेव्हा. माझ्या खांबांना पहिलं आणि तिसरं, दोन्ही कारणं लागू होती.

आता हिशेब. चौकोनी खांबाचा अष्टकोन करायचा तर कोन किती? बरेच जण पटकन २२.५ म्हणतात, कारण अष्टकोनाशी तो आकडा डोक्यात जोडलेला असतो. भरीव खांबाला तो चालत नाही. चौकोनाचे चार कोपरे छाटायचे असतात आणि ते ४५ अंशातच छाटावे लागतात. २२.५ लागतो तो आठ पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून पोकळ अष्टकोन करताना. १८० भागिले बाजूंची संख्या, हे त्याचं सूत्र. सहा बाजूंना ३०, बाराला १५.

कोपरा किती छाटायचा? खांबाच्या जाडीला ०.२९३ ने गुणायचं. माझ्या मनात आधी ४५ मिमीचे खांब होते. त्याला प्रत्येक कडेवर १३.२ मिमी छाट येते. आता बिटाकडे बघू. बेअरिंगवाला चॅम्फर बिट जास्तीत जास्त किती आत कापेल, हे त्याच्या सर्वांत मोठ्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करून दोनने भागलं की कळतं. बाजारात सहज मिळणारा बिट सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमी व्यासाचा, आणि त्याचं बेअरिंग अर्ध्या इंचाचं, १२.७ मिमी. उत्तर आलं साडेनऊ मिमी. १३.२ साठी निदान ३९ मिमीच्या पुढचा बिट हवा, आणि दुकानात त्याच्या वरचा मिळतो तो पावणेदोन इंची.

एवढा मोठा बिट वेगाने फिरवणं मला मान्य नव्हतं. बिटाच्या कडेचा वेग व्यासाबरोबर वाढतो. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या ट्रिमरवर, म्हणजे एका हातात मावणाऱ्या छोट्या राउटरवर, पावणेदोन इंची बिट लावला तर त्याचं टोक सेकंदाला सत्तर मीटरने धावेल. एक इंचापर्यंतचा बिट २४,००० फेऱ्यांवर ठीक, सव्वा ते दोन इंची १८,००० च्या आसपास आणि त्याहून मोठा असेल तर आणखी खाली, असा साधारण दंडक आहे. त्यामुळे हाताच्या छोट्या ट्रिमरवर मोठा चॅम्फर बिट ही कल्पनाच सोडून द्यावी. त्याच्या बेसच्या भोकातून तो बिट फिरतो का, हेही आधी पाहावं लागतं.

मग मी खांबच बारीक केले. ३० मिमीचा खांब घेतला की छाट येते ८.८ मिमी, सव्वा इंची बिटात ती आरामात बसते आणि मेस्त्रींच्या मोठ्या राउटरवर वेगाची चकती असल्याने तो १८,००० वर फिरवता येतो. अडीच फुटी मखराला ३० मिमीचे खांब दिसतातही नाजूक. घरात कुणाला ते आधीच्या आराखड्यापेक्षा बारीक आहेत हे कळलंही नाही.

आता बेअरिंगची जागा. ३० मिमीच्या बाजूवर दोन्हीकडून ८.८ छाटल्यावर मध्ये १२.४ मिमीची सपाट पट्टी उरते. बेअरिंगची जाडी साधारण ५ मिमी. म्हणजे एक कड कापून झाल्यावर त्याच बाजूची दुसरी कड कापतानाही त्याला टेकायला भरपूर लाकूड आहे. खांबाचा प्रश्न सुटला.

चौरंगाचं वेगळं होतं. फळी २० मिमीची. वरच्या कडेला ५ मिमीचा चॅम्फर आणि खालच्या कडेला मोठा, कारण खालून तिरका छाटला की जाड फळी समोरून पातळ दिसते. खाली जास्तीत जास्त किती घ्यावा? वर ५, खाली ९, मध्ये उरले ६. बेअरिंग ५ चं. जमलं, पण जेमतेम. वर-खाली दोन्हीकडे नऊ-नऊ घेतले असते तर मध्ये दोनच मिमीची पट्टी राहिली असती. बेअरिंगचा थोडासा भाग तिच्यावर आणि बाकीचा हवेत. असं बेअरिंग लाकडात रुततं, बिट डुलतो आणि चॅम्फरची रेघ नागमोडी होते. १८ किंवा १९ मिमीच्या प्लायवर काम करणाऱ्यांनी तर हे गणित हटकून करावं. प्लायच्या कडेत पोकळी असली की बेअरिंग तिचीही इमानदारीने नक्कल करतं, म्हणून तिथे आधी सागाची पट्टी चिकटवून ती घासून घ्यावी. बारीक खिळ्याच्या भोकावरून १२.७ चं बेअरिंग निघून जातं, मोठ्या खड्ड्यात मात्र ते शिरतं.

एवढं ठरल्यावर खरेदी. आधी ठाणे स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. माझ्या ट्रिमरचं कॉलेट, म्हणजे शँक आवळून धरणारी पकड, ६ मिमीचं. दुकानदाराने बिट काढून दिला, मी खिशातला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला: ६.३५. म्हणजे पाव इंची. “चालतो साहेब, सगळे नेतात,” तो म्हणाला. सहाच्या कॉलेटमध्ये तो जाणारच नाही. उलट प्रकार जास्त धोक्याचा: ६ मिमीची शँक पाव इंची कॉलेटमध्ये सहज जाते, घट्ट झाल्यासारखीही वाटते आणि कापताना हळूहळू खाली सरकते. कॉलेट थोडंसंच आवळतं, ०.३५ मिमीची तफावत भरून काढणं त्याचं काम नाही. हीच भानगड १२ मिमी आणि अर्ध्या इंचाची, तिथे फरक ०.७ मिमीचा. मेस्त्रींच्या राउटरचं कॉलेट १२ चं, तेव्हा तोही आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला.

त्याच दुकानात ६ च्या शँकचा ४५ चा बिट संपला होता म्हणून ‘९०’ लिहिलेला पुढे करण्यात आला. तो व्ही-ग्रूव्ह. दोन्ही धारांमधला कोन ९०, म्हणजे एका बाजूला ४५ च. काप तोच, फक्त टोकाला बेअरिंग नाही. तो चालवायचा तर राउटरला बाजूची आडपट्टी लावावी लागते. पण ज्या कडेवर बेअरिंगला जागा नाही तिथे नेमका हाच बिट उपयोगी पडतो, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर बारीक खाच मारायलाही. घेऊन ठेवला, स्वस्त होता.

बाकीचे दोन बिट मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीत घेतले. तिथे हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, दहा दुकानांत विचारायला पाय पुरले पाहिजेत. पंधरा बिटांचा लाकडी डबा सगळीकडे दाखवतात. पहिल्यांदा राउटर घेणाऱ्याला कोणत्या बिटाची गरज पडते हे कळायला तो ठीक आहे, पण त्यातले निम्मे डब्यातच गंजतात. मी सुटे मागितले. पारखताना चार गोष्टी पाहिल्या. कार्बाइडचा तुकडा पुरेसा जाड आहे का, कारण पातळ असला तर पुन्हा धार लावायला काही उरत नाही. तो स्टीलला जोडलाय त्या सांध्यात पितळेसारखी रेघ सलग आहे का, मध्ये भोकं नाहीत ना. बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखर न करता फिरतं का. आणि त्याचा स्क्रू सुटतो का, कारण बेअरिंग हे आज ना उद्या बदलायचंच असतं.

बदलताना एक खबरदारी आहे. बिटाच्या धारेचं खालचं, अरुंद टोक जेवढ्या व्यासाचं, तेवढ्याच व्यासाचं बेअरिंग हवं. १२.७ च्या जागी जवळपास म्हणून १२ चं बसवलं तर चॅम्फरच्या खाली ०.३५ मिमीची पायरी उमटते. पॉलिश लावल्यावर ती ठसठशीत दिसते.

कोनाच्या लेबलबद्दलही सांगायला हवं. ४५ चा बिट कुठूनही मोजा, ४५ च. ३० किंवा १५ लिहिलेलं असेल तर तो कोन बहुतेक वेळा शँकच्या सरळ रेषेपासून मोजलेला असतो, फळीच्या पृष्ठभागापासून नाही. दुकानात बिट कागदावर आडवा ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढायची आणि कोनमापक लावायचा. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

२२.५ चा बिट मी घेतलाच नाही. मखराखाली आठ पट्ट्यांची पोकळ बैठक करायची होती, तिथे तो लागला असता. पण पट्टीची कड पूर्ण जाडीभर तिरकी कापायची, म्हणजे बेअरिंगला टेकायला सपाट काही उरतच नाही. राउटर टेबलावर आडपट्टी लावून ते होतं, पण मेस्त्रींचं टेबलसॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, पातं तिरकं करून तेच काम एका दमात करतं. एका बैठकीसाठी नवा बिट मला पटेना. तिथे कोन मात्र काटेकोर हवा: आठ पट्ट्यांच्या सोळा कडा, प्रत्येकीत पाव अंश चुकला तर शेवटच्या सांध्यात चार अंशांची फट. टाकाऊ लाकडाच्या आठ पट्ट्या कापून, चिकटपट्टीने गुंडाळून पाहिल्या आणि मगच सागाला हात लावला.

प्रत्यक्ष कापताना चौरंगाची वरची कड माझ्या ट्रिमरने केली, एक इंची बिट, ६ ची शँक. शँक कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून दोन-तीन मिमी वर खेचायची आणि मग आवळायची. तळाला टेकलेली शँक आवळताना नीट पकडली जात नाही. फळीची डोकी, म्हणजे जिथे रेशे आडवे कापले जातात त्या दोन कडा, आधी. तिथे शेवटी कोपऱ्याचा टवका उडतो, तो मग लांबीच्या कडा कापताना निघून जातो. बाहेरची कड असेल तर राउटर घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा, चौकटीच्या आतली असेल तर सुलट. चुकीच्या दिशेने नेला की तो हातातून पळतो. आणि थांबायचं नाही. साग तेलकट, बिट एका जागी रेंगाळला की काळा डाग पडतो आणि तो घासून काढायला चॅम्फरचा आकार जातो.

खालची ९ मिमीची कड आणि खांब मोठ्या राउटरवर. तो मेस्त्रींनी टेबलाखाली उलटा बसवला आहे, त्यामुळे लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं. खांबांची दोन्ही टोकं दोन-दोन इंच चौकोनीच ठेवली होती, मधलाच भाग अष्टकोनी. हे दिसायलाही छान आणि कामालाही सोयीचं, कारण चारही कडा कापून झाल्या तरी खांब टेबलावर दोन टोकांच्या पूर्ण चौकोनावर टेकतो, डुगडुगत नाही. सुरुवातीला आणि शेवटी आडपट्टीवर लाकडी ठोकळे क्लॅम्प केले. “मागच्या ठोकळ्याला टेकवा, काका, मग हळूच आत घ्या. मोकळा धरून आत नेलात तर ओढून नेईल,” मेस्त्री म्हणाले आणि पहिला खांब स्वतः उभं राहून करून दाखवला.

८.८ एकदम घेतले नाहीत. तीन, पुन्हा तीन, मग जवळपास उरलेलं सगळं आणि शेवटी केसभर. त्या शेवटच्या पातळ फेरीत आधीचे जळके ओरखडे निघून जातात आणि पट्टी गुळगुळीत येते. जिथे चॅम्फर थांबतो तिथे बिटाच्या गोलाईचा सुंदर कमानीसारखा शेवट आपोआप मिळतो. पटाशीने तो सरळही करता येतो, मी तसाच ठेवला. मात्र एका खांबाच्या चारही कडांचे शेवट एका रेषेत हवेत. मिलिमीटरभर मागेपुढे झालं की नजर तिथेच अडकते. त्यासाठी ठोकळे एकदा लावले ते चारही खांब होईपर्यंत हलवले नाहीत, फक्त बिटाची उंची वाढवत गेलो. म्हणजे एका उंचीवर सोळाच्या सोळा कडा, मग पुढची उंची. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

घासताना पॉलिश पेपर हातात धरून घासला तर चॅम्फरच्या दोन्ही रेघा गोल होतात आणि एवढा खटाटोप वाया जातो. सपाट ठोकळ्याला गुंडाळून, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. वरून लाखेचं पॉलिश.

काम झाल्यावर बिट साफ करताना बेअरिंग काढून बाजूला ठेवतो. सागाचा चिकटा कार्बाइडवरून केरोसीन आणि जुन्या टूथब्रशने निघतो, पण तेच केरोसीन बेअरिंगमध्ये गेलं तर आतलं ग्रीस धुऊन नेतं. पावसाळ्यात बिटाच्या स्टीलला इथे पटकन गंज चढतो, त्यावर तेलाचं फडकं फिरवतो. धार लावायची झाली तर डायमंडच्या पातळ पट्टीवर फक्त सपाट बाजू, दोन्ही धारांना सारखेच हात. तिरकी बाजू घासली की कोनही बदलतो आणि बेअरिंगशी जुळलेला व्यासही.

मोठा बिट सध्या मेस्त्रींकडेच आहे. त्यांना एका दुकानाच्या काउंटरच्या कडा करायच्या आहेत. फळी २५ मिमीची, चॅम्फर वरून आठ. बेअरिंगला सतरा उरतात, म्हणाले.